निळ्या टाकीमागं दोघं

रेणुका खेळात मेली की पडद्यावर तिचं एक अर्धवट वाक्य उरायचं. ‘खिडकीत दोघं हायेत, तुमी’ एवढं टाइप होईपर्यंत खिडकीतल्या दोघांनी तिचा निकाल लावलेला असायचा. तिचं म्हणणं बरोबर असतं, हे तिच्या बाजूच्या तिघांनाही मान्य होतं. फक्त ते तिच्या मरणानंतर पोचायचं.

खेळ चौघांचा. समोर दुसरे चौघं, सगळ्यांच्या हातात बंदुका आणि एकेक बॉम्ब, मधे एक ओसाड गाव. ज्या बाजूचा शेवटचा माणूस उभा राहील ती बाजू जिंकली. रेणुकाच्या बाजूला तिचा नवरा शिवराज होता, निंबर्ग्यात तुरीची शेती करणारा सोमशेखर होता आणि कलबुर्गीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा चन्नवीर होता. कप्तान चन्नवीर, पण कोण कुठं दबा धरून बसला असेल ते ओळखायचं आणि बाकीच्यांना हलवायचं, हे काम रेणुकाचं. लग्न होऊन उदगीरहून हुमनाबादला आल्यापासून तिनं कुठं बसावं आणि कुठं जावं हे घरातले सगळे तिला सांगत आले होते. इथं ती सांगायची आणि तीन बाप्ये पळायचे. ही गोष्ट तिला जेवणाखाणापेक्षा जास्त आवडायची, पण हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

शिवराजसाठी तर टाइप करायचीही गरज नसायची. तो शेजारच्या खाटेवर लॅपटॉप घेऊन बसायचा. डाव्या पोटरीला लाथ बसली की डावीकडं, उजव्या पोटरीला बसली की उजवीकडं. संसारात इतकी स्वच्छ व्यवस्था त्यांना दुसऱ्या कुठल्याच बाबतीत जमली नव्हती.

ती चन्नवीरनं मोडली.

“अक्का, टायपिंग बंद,” तो फोनवर म्हणाला. “रविवारी बिदरच्या पोरांसंगं मॅच हाय. जिंकलो तर फायनल कलबुर्गीला, स्टेजवर. स्टेजवर खाटा न्हाईत, लाथा मारायला. बोलून खेळायचं. कॉम्प्युटरवर ॲप टाका, हेडफोन लावा आन् बोला.”

“आन् जमलं न्हाई तर?”

“बिदरमधी श्रीहरी म्हणून एक पोरगा हाय, त्या टीममधला न्हाई. मास्तरांचा लेक. बोलतो साफ. त्याला रविवारी राखीव म्हणून ऐकायला बसवतो. नुसतं ऐकायला.”

नुसतं ऐकायला बसलेला माणूस किती वेळ नुसता ऐकतो, हे रेणुकाला लग्नाआधी बघायला आलेल्या पाहुण्यांवरून चांगलं ठाऊक होतं. तिची जागा जायची वेळ आली होती.

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता. सासऱ्यांचं, गुंडेरावांचं, हायवेवर बोअरच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान होतं आणि कॉम्प्युटर आणला होता तो दुकानाची बिलं करायला. बिलं अजूनही गुंडेराव हातानंच करत. त्याच खोलीत सासूबाई, राजूबाई, दुपारी सूप घेऊन डाळ पाखडायला बसत. त्यांना स्वयंपाकघरात डाळ पाखडायला कुणी मनाई केली नव्हती; पण स्वयंपाकघरातून पडदा दिसत नसे.

चन्नवीरनं फोनवरून सांगितलं तसं रेणुकानं ॲप उतरवलं, ईमेल दिला, ईमेलवर आलेला आकडा भरला. मग त्यानं पाठवलेल्या लिंकवर क्लिक केलं आणि ती ॲपमधल्या एका रिकाम्या खोलीत जाऊन पोचली. डावीकडं चन्नवीरचं नाव, त्याखाली तिचं.

“आता बोला काहीतरी,” चन्नवीर म्हणाला.

“काय बोलू?”

“तुमचा आवाज येईना. मला पाऊस ऐकू यायलाय.”

पाऊस नव्हता. राजूबाईंचं सूप होतं. हेडफोन रेणुकाच्या कानावर होते, पण ॲप ऐकत होतं पडद्यावर चिकटवलेल्या कॅमेऱ्याच्या माईकमधून आणि त्या माईकला राजूबाई जवळ होत्या. सेटिंगमध्ये जाऊन तिनं माईक बदलला. मग तिचा आवाज पलीकडं पोचला. पण सुपाचाही पोचला आणि सुपामागून राजूबाईंचाही.

“कुणासंगं बोलायलीस?”

“कलबुर्गीच्या चन्नवीरसंगं, आत्याबाई.”

“जेवला का म्हणावं.”

“जेवलो, मावशी,” चन्नवीर म्हणाला. “अक्का, हे असं न्हाई चालणार. माईक आपोआप चालू होतोय. घरात कुणी शिंकलं तरी चौघांच्या कानात शिंक. कळ दाबून बोलायची सेटिंग करा. कळ दाबली की आवाज जातो, सोडली की बंद.”

रेणुकानं एक कळ निवडली. नेमकी ती खेळात गुडघ्यावर बसायची कळ होती. त्यामुळे ती बोलायला लागली की तिचा शिपाई खाली बसे आणि बोलणं संपलं की उठे. राजूबाईंनी हे दोनतीनदा निरखून बघितलं.

“बरं हाय की,” त्या म्हणाल्या. “बाईमाणसानं उभ्या उभ्या काय बोलायचं.”

कळ बदलली. तर खेळ उघडला की ॲपला कळ दाबलेलीच कळेना. चन्नवीरनं त्यावरही उपाय सांगितला: ॲप बंद करायचं आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पुन्हा उघडायचं.

“ते कोण?” राजूबाईंनी विचारलं.

“म्हणजे मालक, आत्याबाई. मालक म्हणून उघडायचं.”

“मालक दुकानात हायेत,” राजूबाई म्हणाल्या. “ते यीपर्यंत थांब.”

राजूबाई गुंडेरावांना मालक म्हणत. गावात कुणाला पत्ता सांगायचा झाला तर ‘शिवराजचे अप्पा’. रेशनच्या दुकानात माणसानं नवऱ्याचं नाव विचारलं तर त्या शेजारणीकडं बघत आणि शेजारीण सांगे. तोंडानं नाव घ्यायचं नाही, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की गुंडेराव नावाचा दुसरा कुणी दाराशी आला असता तर त्यांनी त्यालाही नावानं हाक मारली नसती. हे रेणुकाला ठाऊक होतं. उदगीरला तिच्या आईचंही असंच. पण ॲप बसवताना तिच्या डोक्यात माईक होता, कळ होती, आवाजाची पट्टी होती. नवरा नव्हता.

तो सरावाच्या वेळी आला. रविवारी गावोगावचे शेतकरी मोटारी बघायला येत, म्हणून शिवराजला दुकान सोडता येणार नव्हतं. तो दुकानातल्या कोपऱ्यातून लॅपटॉपवर खेळणार होता. त्याचा सराव आधीच दुकानातून सुरू झाला. हेडफोन एकच होता, तो त्यानं रेणुकाला दिला. तिची लाथ आता तिथवर पोचत नव्हती.

“चन्नवीर, जिन्याखाली,” रेणुका म्हणाली. आवाज स्पष्ट गेला. “सोमशेखर, गच्चीवर नजर ठिव.” तोही गेला. मग नवऱ्याच्या पाठीमागून एक जण येताना दिसला. तिनं कळ दाबली. मागं डाळ पाखडायचा आवाज थांबला.

“अहो,” ती म्हणाली.

“काय?” सोमशेखर म्हणाला.

“तुमाला न्हाई. त्यांना.”

“कुणाला? समोरच्यांना?”

“आपल्यातल्या त्यांना. त्यांच्या मागं हाय.”

एवढ्यात ते मेले.

डाव संपल्यावर चन्नवीरनं सगळ्यांना थांबवून धरलं. “अक्का, नाव घ्या की.”

सूप अजून थांबलेलंच होतं.

“मला समजतंय,” चन्नवीर म्हणाला. “माझी आई पण अप्पांचं नाव घेत न्हाई. पण माझी आई बंदूक घिऊन पळत न्हाई.”

“ती बाजूला बसली हाय,” शिवराज दुकानातून हळूच म्हणाला. “आमची आई.”

मग तोडगे सुरू झाले. सोमशेखर म्हणाला, टोपणनाव ठेवू. दुकान पाइपांचं, म्हणून शिवराजला ‘पाइप’. रेणुकानं एकदा ‘पाइप, डावीकडं’ म्हटलं आणि राजूबाईंनी सूप खाली ठेवलं.

“माझ्या लेकाला पाइप म्हणायलीस?”

“खेळापुरतं, आत्याबाई.”

“खेळ म्हणून काय झालं? तू ठिवलेलं असू दे न्हाई तर मी ठिवलेलं, हाक मारली की ते नावच. आन् ते बी पाइप.”

चन्नवीर म्हणाला, आकडे देऊ. तो एक, सोमशेखर दोन, शिवराज तीन. हे राजूबाईंना चाललं. पण त्या ओसाड गावातल्या घरांना मजले होते, शत्रूही मोजूनच सांगावे लागत. “तीन, दोनवर एक हाय,” असं रेणुका म्हणाली तेव्हा चौघंही जागच्या जागी उभे राहून हिशेब करू लागले आणि त्या अवस्थेतच मेले.

शेवटी चन्नवीरनं हुकूम काढला. बाकीच्यांना नावानं हाक मारायची. ‘अहो’ म्हटलं की ते फक्त शिवराजसाठी, दुसऱ्या कुणीही ओ द्यायची नाही. सोमशेखरचं लग्न झालेलं असल्यानं त्याला हे दोनदा बजावण्यात आलं.

“आन् सगळ्यांनी कळ दाबूनच बोलायचं,” रेणुका म्हणाली. “आपोआप चालू ठिवायचा न्हाई माईक.”

“व्हय व्हय,” सोमशेखर म्हणाला.

राजूबाई एवढंच म्हणाल्या, “उखाण्यात नाव घ्यायला कुणी धरलंय व्हय तुला? आमी बी लग्नात घेतलंच की.” आणि त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं.

रविवारी खोलीत पाच नावं होती. चौघं आणि पाचवा श्रीहरी. त्याच्या नावापुढं माईकवर लाल काट मारलेली होती. तो बोलत नव्हता, हलत नव्हता, फक्त होता. रेणुकाला डोळ्याच्या कोपऱ्यातून ती लाल काट सारखी दिसत होती.

सुरुवात चांगली झाली. बिदरची पोरं घाईची होती. रेणुकानं चन्नवीरला विहिरीआड बसवलं, सोमशेखरला विहिरीसमोरच्या भिंतीमागं, आणि एक जण आपल्या पायानं मधे चालत आला आणि पडला. “अहो, गच्चीवर जा,” ती म्हणाली आणि शिवराज गेला. दुसऱ्या कुणीही ओ दिली नाही. चन्नवीर तर चक्क म्हणाला, “झकास, अक्का.” रेणुकानं लाल काटेकडं सरळ नजर टाकून घेतली.

मग रेणुकाच्या बाजूचे पडायला लागले. चन्नवीर विहिरीपाशीच पडला. सोमशेखर भिंतीवरून डोकावला आणि पडला. रेणुका पाण्याच्या निळ्या टाकीकडं सरकत होती; टाकीमागून दोन बंदुका निघाल्या आणि तिचा पडदा करडा झाला. पण या ॲपची खरी गंमत हीच होती: खेळ मेलेल्याला खेळू देत नाही, बोलायला मात्र कुणाची आडकाठी नाही. पडता पडता तिनं तिसऱ्यालाही बघितलं होतं. तो शिडीनं समोरच्या गच्चीवर चढत होता.

शिवराज एकटा उरला होता. त्याची जागा चांगली होती. कठड्याआड, टाकीकडं तोंड करून. त्यानं तिथून हलायचं नव्हतं, एवढंच.

“अहो, खाली या,” कानात एक बाई म्हणाली. “वाढलंय.”

रेणुकाचं बोट कळेवर नव्हतं. आवाज तिचा नव्हता.

निंबर्ग्यात सोमशेखरची बायको शिवलीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सोमशेखरनं माईक आपोआपवरच ठेवला होता, कारण बोलताना कळ दाबायची म्हणजे बंदुकीवरचं एक बोट कमी होतं, असं त्याचं मत होतं. शिवराजनं हुकूम पाळला. त्यानं गच्ची सोडली, जिना उतरला आणि टाकीकडं पाठ करून अंगणात येऊन उभा राहिला.

“अहो, वर जा,” रेणुका कळ दाबून म्हणाली.

“अहो, गार व्हायलंय,” शिवलीला म्हणाली.

“कुठली अहो?” शिवराज म्हणाला. त्याच्या आवाजात घाबरलेपणा होता. “एक जण तरी बोला.”

“सोमशेखर, माईक बंद कर,” चन्नवीर ओरडला. सोमशेखर माईक बंद करायला गेला आणि त्यानं ऐकायचंच बटण बंद केलं. ती दोन बटणं शेजारी शेजारी असतात. शिवलीला आता भाजीत मीठ कमी पडलंय का, तेही विचारत होती.

टाकीच्या एका कडेनं बंदुकीचं टोक बाहेर आलं.

रेणुकानं मागं बघितलं. राजूबाईंनी सूप मांडीवर ठेवलं होतं आणि त्या पडद्याकडं बघत होत्या. कळ दाबलेलीच होती. रेणुका पुन्हा वळली आणि एका दमात म्हणाली:

“निळ्या टाकीमागं दोघं, गच्चीवरती एक,
शिवराजराव, मागं वळून हातातला बॉम्ब फेक.”

शिवराज वळला. लग्नानंतर वर्षभरात बायकोच्या तोंडून आपलं नाव त्यानं हे दुसऱ्यांदा ऐकलं होतं, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा समोर करवल्यांनी दार अडवलेलं होतं. बॉम्ब टाकीमागं बरोबर मधे पडला. दोघंही गेले.

“फेका म्हण,” मागून राजूबाई म्हणाल्या. “नवरा हाय.”

“फेका,” रेणुका माईकमध्ये म्हणाली.

“फेकला की,” शिवराज म्हणाला. गच्चीवरचा तिसरा कुठं आहे हे त्याला आता माहीत होतं. त्यानं समोरच्या कठड्यावर नेम धरला, वाट बघितली, आणि डोकं वर आलं तेव्हा गोळी घातली.

पडद्यावर ते जिंकल्याचं आलं. मग शिवलीलाचा आवाज आला, “आता तरी या.”

श्रीहरीच्या नावापुढची लाल काट निघाली. “नमस्कार,” तो म्हणाला. त्याचा आवाज खरंच साफ होता. “मी निघतो. मला हे जमणार नाही. माझं लग्न झालेलं नाही.” आणि त्याचं नाव यादीतून गेलं. कुणी खोलीतून गेलं की ॲप एक बारीकसा उतरता सूर काढतं. रेणुकानं तो नीट ऐकून घेतला.

“कलबुर्गीला खुर्ची तुमचीच, अक्का,” चन्नवीर म्हणाला. “सोमशेखरचं बघू.”

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. हेडफोन एकच होता, म्हणजे दुकानात सगळा कारभार लॅपटॉपच्या स्पीकरवर चालला होता, तोही मोठ्या आवाजात, कारण बाहेरून लॉऱ्या जात होत्या. हे रेणुकाच्या लक्षात आलं ते गुंडेराव जेवायला घरी आले तेव्हा. त्यांनी चप्पल काढली, पाय धुतले आणि ते पाटावर बसले. रेणुकानं भाकरी वाढली. कॉम्प्युटर बिलांसाठी आणलेला आहे, हे वाक्य त्यांनी आजवर उच्चारलं नव्हतं. ते आज येणार असं तिला वाटलं.

“दुकानात एक गडी मोटार बघायला आलता,” गुंडेराव म्हणाले. “त्यानं विचारलं, घरात लगीन हाय का.”

“मग?” राजूबाई म्हणाल्या.

“मी म्हणलं, लढाई हाय.”

“उखाण्यात घेतलंय तिनं,” राजूबाई म्हणाल्या. “मी हितंच बसल्याली व्हते.”

“घेतलंय ते ऐकलं की. अख्ख्या हायवेनं ऐकलं. तो गडी टाळ्या वाजवायला लागला, त्याचं बघून बाकीच्यांनी बी वाजवल्या. फेक कामून म्हणाली म्हणून एकानं विचारलं, त्याला दुसऱ्यानं सांगितलं, जुळत न्हाई दुसरं.” त्यांनी भाकरी मोडली. “तू कधी घेतलंस का माझं नाव? लगीन झाल्यावर?”

“तुमच्या मागं बंदूक घिऊन कधी कोण लागलंय?”

गुंडेरावांनी यावर विचार केला आणि कोशिंबीर मागितली. कॉम्प्युटरचा विषय निघाला नाही.

दुपारी चन्नवीरचा निरोप आला. फायनलला खेळातलं गाव वेगळं होतं. त्यात टाकी नव्हती. नदी होती, पूल होता, पुलापलीकडं एक गोदाम. ‘अहो’ आजपासून रद्द. सोमशेखर कळ दाबायला तयार झाला होता. शिवलीलानंच त्याला बसवून ती सेटिंग करायला लावली होती. नकाशाचं चित्र चन्नवीरनं सोबत जोडलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘अक्का, तयारी करा.’

रेणुकानं चित्र मोठं करून पडद्यावर लावलं. राजूबाईंनी सूप घेतलं, पाट जरा पुढं ओढला आणि मान वर करून नदी बघितली.

“पुलाखाली किती जण लपतेत?”

“ते लपल्यावरच कळतंय, आत्याबाई.”

राजूबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“मग तेवढी जागा मोकळी सोड,” त्या म्हणाल्या. “बाकीचा उखाणा जुळवून ठिवू. आकडा मागनं घालता येतोय.”